घोट्यामागची नाडी

माझा थोरला भाऊ मिठागराच्या बांधावर मधेच थांबून बिडी पेटवायचा. शंभरेक पावलं चालला की थांबायचा, खाडीकडे तोंड करायचा, कानामागची बिडी काढून काडी ओढायचा. दोन झुरके घ्यायचा, बिडी विझवून पुन्हा कानामागे खोचायचा आणि चालू लागायचा. शंभरेक पावलांवर परत तेच. बांधाच्या अलीकडच्या टोकाला माझा दवाखाना होता. तिथल्या ओट्यावरून मी हे रोज पाहत होतो आणि मला वाटत होतं की दादूसची बिडी फार वाढली. एवढंच वाटत होतं.

आमचं गाव खाडीकाठच्या खारेपाटातलं. रेवसला जायचं तर होडीनं तास-दीड तास. वडील, आजोबा, पणजोबा, सगळ्यांचा जन्म मिठागरात गेला. माझ्याआधी गावात कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं, आणि मी मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन आलो. हे मी आजही मान वर करून सांगतो. ज्यांना ते घमेंडीचं वाटतं त्यांनी एकदा खारातून सकाळच्या ओहोटीला चिखल तुडवत शाळेत जाऊन पाहावं. वडील लवकर गेले. त्यांच्या जागी दादूस मिठागरात उतरला, म्हणून मी शाळेत राहिलो. मी डॉक्टर झालो तोवर तो मुकादम झाला होता. वय असेल चौतीस-पस्तीस. मुकादमाचं काम म्हणजे दिवसभर बांधावरून चालायचं. कुठं पाणी फुटलंय, कुठल्या कोंडीत मीठ धरलंय, भरतीच्या आत पाण्याच्या दाराची फळी पडली की नाही, हे सगळं चालून बघायचं. बसलेला मुकादम कुणी ठेवत नाही.

मिठाच्या कायद्याची चळवळ व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. दवाखाना सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. एके दिवशी दुपारी तो ओट्यावर येऊन टेकला आणि डावी पोटरी चोळत म्हणाला, "पोटरी आवलतंय रं. कुनी मुठीत धरल्यावानी."

"कधी?"

"चाललो की. उभा रायलो की सोडतंय."

आजचा वैद्यकाचा विद्यार्थी एवढ्या दोन वाक्यांवर रोग ओळखील. चालताना दुखतं आणि उभं राहिलं की थांबतं, हे सांधा दुखल्याचं लक्षण नव्हे, हे रक्त न पोचल्याचं लक्षण आहे. मी त्याला बाकावर आडवा केला. गुडघा वाकवून पाहिला, खुबा फिरवला, पाय ताठ वर उचलला. "दुखतंय?" म्हणून विचारलं. "जरा," तो म्हणाला. मग मी त्याच्या हाताची नाडी धरली, जीभ पाहिली आणि निदान सांगितलं, कमरेतून उतरलेली शीर. पोटात घ्यायला मिश्रण दिलं, चोळायला टर्पेंटाइनचं तेल दिलं आणि म्हणालो, "रोज संध्याकाळी शेक घे. चांगला कडक घे, लाजू नको."

पाऊल मी हातात घेतलं होतं. ते गार होतं. मी खोटं लिहिणार नाही, ते गार लागलेलं मला आठवतं.

पण आमच्याकडं पाऊल गारच असायचं. पाऊस सरला की मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात, माणसं हातात हात घालून ओळीनं तुडवतात. तेव्हापासून पुढचा पाऊस येईपर्यंत पाय खाऱ्या पाण्यातच. त्या पायांची कातडी पांढरी पडते, माशाच्या पोटासारखी. टाचा फाटतात, बोटांना काटा टोचला तरी कळत नाही, आणि हात लावला तर गार. आम्ही त्याला मिठाचा पाय म्हणत असू. माझ्या वडिलांचा तसाच होता. मीही लहानपणी दोन हंगाम तुडवलंय. पुण्या-मुंबईचा एखादा डॉक्टर तिथं आला असता तर तो गार पाऊल हातात धरून दचकला असता. मी दचकलो नाही, कारण मी त्यांच्यातला होतो आणि मला ते पाय माहीत होते. त्याच माहितीनं घात केला.

संध्याकाळी आमच्या अंगणात आगटी पेटायची. तूस आणि सुकं शेण यांची धुमसती आग, वर राख. सगळी मिठागरातून आलेली माणसं तिच्याभोवती पाय पसरून बसायची. दादूस माझ्या सांगण्यावरून डावा पाय जरा जास्तच पुढं सारायचा. मंडळी त्याची थट्टा करायची.

"मुकादम, पाय भाजून खातंस काय?"

"तुझ्या पानावर वाढताव, थांब."

"बांधावर कवरा थांबतंस रं आजकाल? मुकादम बिरी वढतंय का बिरी मुकादमाला?"

तोही हसायचा. मीही हसायचो.

वहिनी मात्र एकदा म्हणाली. ती रात्रीचं जेवण आटोपलं की त्याचे पाय चेपायची, तेव्हा मी पडवीत वाचत बसलेला असे. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "भावजी, यांचा डावा पाय उजव्यापेक्षा गार लागतंय."

"मिठाचा पाय आहे, वहिनी."

"मिठाचा पाय एकच असतंय व्हय? पानी दोनी पायांला लागतंय."

मी पुस्तकातून मान वर केली. "असं कर, उद्यापासून तू दवाखान्यात बस. मी पाय चेपतो."

दादूस मोठ्यानं हसला. वहिनीही हसली, तोंडाला पदर लावून. मी पान उलटलं.

तिला शाळा ठाऊक नव्हती. जे प्रोफेसरांनी आम्हाला शिकवलं होतं, दुखऱ्या अवयवाची नेहमी चांगल्या अवयवाशी तुलना करा, ते तिला तिच्या तळहातानं सांगितलं होतं. आणि माझ्याकडं पदवी होती. गेल्या कित्येक वर्षांत असा आठवडा गेला नसेल की तिचं ते वाक्य मला ऐकू आलं नाही. वाक्यापेक्षा जास्त तिचं हसणं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सहा-सात महिन्यांत दुखणं पोटरीतून खाली पावलात उतरलं. मग ते चालतानाच नाही, आडवं पडल्यावरही दुखायला लागलं. दादूस खाटेवरून डावा पाय खाली लोंबता सोडून झोपायला लागला. तसा सोडला की बरं वाटतं म्हणायचा. लोंबत्या पायाला लालसर जांभळा रंग यायचा. मला वाटलं, शेकाचा परिणाम होतोय, रक्त खेळतंय. मी समाधानानं मान हलवली.

मग एका संध्याकाळी आगटीपाशी वास आला. केस जळल्यासारखा. जो तो आपलं धोतर बघायला लागला. वहिनी आतून धावत आली आणि तिनं दादूसचा पाय ओढून बाजूला घेतला. अंगठ्याच्या बाजूची कातडी भाजून वर आली होती. तो तिच्याकडंच बघत होता, काय झालं म्हणून. त्याला कळलंच नव्हतं.

मी दीड महिना ती जखम धुतली. बोरिक लावलं, आयोडीन लावलं, पट्ट्या बदलल्या. माझ्याकडं आलेली कापलेली बोटं, कुजलेली गळवं, विळ्याचे घाव सगळं भरून येत होतं, आणि ही एवढीशी जखम भरत नव्हती. कड काळी पडली. मग काळेपणा अंगठाभर पसरला आणि अंगठा सुकत गेला, वाळत घातलेल्या बोंबलासारखा. तेव्हा मी म्हणालो, मुंबईला जाऊ.

होडीतून रेवसला उतरलो. तिथून भाऊच्या धक्क्याची आगबोट. जेट्टीवर चालायचं अंतर थोडंच होतं. मी दोन माणसं बघितली होती, खुर्चीवर बसवून न्यायला. दादूसनं त्यांना परत पाठवलं.

"मुकादम मानसांच्या खांद्यावर बसून जातंय का कधी? मेल्यावर न्या."

तो चालला. वीस पावलांवर थांबला, समुद्राकडं तोंड केलं, हात कानामागे गेला. बिडी होती, काडी नव्हती. तो तसाच बिडी बोटात धरून उभा राहिला. मग वीस पावलं. पुन्हा थांबला, पुन्हा तोंड समुद्राकडं. मी त्याच्या मागून चालत होतो आणि नकळत पावलं मोजत होतो. तिसऱ्यांदा तो थांबला तेव्हा माझे पाय आपोआप थांबले.

"दादूस, तू बिडीसाठी थांबत नाहीस."

त्यानं वळून बघितलं. "आता कलला व्हय तुना? दीड वरस झाला."

"मग बांधावर तसं सांगायचं नाही?"

"कुनाला? मुकादम चालता चालता दमतंय म्हनून? बिरी पेटवताना मानूस उभा रायला तर कुनी इचारत नाय."

 आगबोटीत तो कठड्याला टेकून मागं जाणारा किनारा बघत होता. मी त्याचा तो गुंडाळलेला पाय बघत होतो.

मोठ्या इस्पितळात जे सर्जन होते ते विलायतेत शिकून आलेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी स्टूल ओढलं, दादूसच्या पायाशी बसले आणि त्याचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. त्या स्वच्छ कपड्यांवर. दादूसनं पाय मागं ओढायचा प्रयत्न केला, त्यांनी ओढू दिला नाही. आतल्या घोट्याच्या मागं दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मग पावलाच्या पाठीवर ठेवली. मग गुडघ्याच्या खोबणीत. तेच उजव्या पायाला केलं. नंतर मला म्हणाले, "तुम्ही बघा."

मी बोटं ठेवली. डाव्या घोट्यामागं काही नव्हतं. उजव्या घोट्यामागं लांबून येणाऱ्या होडीच्या वल्ह्यासारखं काहीतरी, अंधुक पण नेमानं.

त्यांनी दोन्ही पाय वर धरायला लावले. डावा बघता बघता मेणासारखा पांढरा झाला. मग दोन्ही खाली सोडायला लावले. उजवा लगेच पूर्ववत झाला. डावा किती तरी वेळ पांढराच राहिला आणि मग हळूहळू जांभळा होत गेला. खाटेवरून लोंबताना मी पाहिलेला तोच जांभळा.

"तुम्ही नाडी पाहिली होती?"

"हो. हातची."

"हातची," ते म्हणाले. मग, "शेकायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत दादूस म्हणाला, "आमच्याकरं समदेच शेकतान, सायेब."

"मी सांगितलं," मी म्हणालो.

सर्जन माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत आल्या आहेत. बसल्या माणसाला पुरेल एवढंच रक्त खाली जातं. चालायला लागलं की पोटरी जास्त मागते, मिळत नाही, म्हणून ती ओरडते. थांबलं की मागणी कमी होते. अशा पायाला कडक शेक दिला तर तो आणखी रक्त मागतो, जे नसतंच. आणि जाणीव कमी झाल्यामुळं भाजलेलंही कळत नाही. हा म्हाताऱ्यांचा रोग नव्हे, जवान माणसांचा आहे, आणि त्यांनी पाहिलेले असे सगळे रोगी तंबाखू ओढणारे होते.

मग ते दादूसकडं वळले. "हा पाय जाणार. दुसरा वाचवायचा असेल तर आजपासून बिडी बंद. एक झुरकासुद्धा नाही. याच्यापुढं माझ्याकडं याला औषध नाही."

दादूसनं कानामागची बिडी काढून खाटेशेजारच्या लोखंडी टेबलावर ठेवली. काहीतरी परत करावं तशी.

पाय गुडघ्याच्या वर कापला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं ते, "पाय कुठं ठेवला?"

इस्पितळात ते जाळून टाकतात, असं मी सांगितलं. तो छताकडं बघत म्हणाला, "मना इचारायचं व्हतं. खारीत सोरला असता. खाऱ्या पान्याचाच व्हता."

चौथ्या दिवशी दुपारी मी गेलो तर मागाहून आलेली वहिनी खाटेशी उभी राहून पंख्यानं वारा घालत होती. दादूसच्या तोंडावर नाही. खाटेच्या खालच्या डाव्या बाजूला, जिथं चादर सपाट होती. आणि दादूस दातओठ खाऊन त्या सपाट चादरीकडं बघत होता.

"काय होतंय?"

"अंगठा जलतंय," तो म्हणाला. "आगटीत हाय तो अजून. तवा लागला नव्हता ना, तो चटका आता लागतंय."

मी त्याला समजावलं. कापलेल्या शिरांची टोकं मेंदूला खोटे निरोप पाठवतात, हे पुस्तकात आहे, बऱ्याच जणांना होतं. तो मान हलवत ऐकत होता. वहिनीनं पंखा थांबवला नाही. थोड्या वेळानं त्याचा चेहरा सैल झाला आणि तो म्हणाला, "आता बरा हाय," आणि वहिनी खाली बसली. त्या दोघांत मी मधे उभा होतो आणि माझं सगळं शिक्षण मला त्या खोलीत ठेवायला जागा सापडत नव्हती.

परत आलो तेव्हा पावसाळा तोंडावर होता. मुकादमी दुसऱ्याला मिळाली होती. पण भरती-ओहोटी दादूसला जशी कळायची तशी कुणाला कळत नव्हती, म्हणून मालकानं त्याला उघाडीवर ठेवला. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. तिच्याशेजारच्या खोपीत बसून भरतीच्या वेळी फळी उचलायची आणि टाकायची. घरापासून उघाडी चारशे पावलांवर. ती चारशे पावलं तो कुबड्यांवर एका पायानं जायचा. त्या एका पायावर सगळं होतं. तो गेला असता तर दादूस पडवीत बसून राहिला असता आणि फार दिवस बसला नसता, हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होतं.

रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी त्याच्यापुढं पाटावर बसायचो, त्याचं उजवं पाऊल मांडीवर घ्यायचो आणि घोट्यामागं दोन बोटं ठेवायचो. पहिले काही दिवस तो संकोचायचा. "तू पाय धरतंस, बरा नाय दिसत," म्हणायचा. मग सवय झाली. डोळे मिटून मी शोधायचो आणि तो विचारायचा, "हाय का?"

"हाय," मी म्हणायचो. त्या एका शब्दापुरती माझ्या तोंडी घरची बोली यायची.

मग तो कुबड्या काखेत घ्यायचा.

बिडी सोडणं सोपं नव्हतं. आमच्या मिठागरात दुपारच्या भाकरीनंतर बिडीचा जुडगा फिरतो. ज्याच्याजवळ असेल तो काढतो, उजव्या हाताच्या माणसाला देतो, तो पुढं देतो. न घेणं म्हणजे टोळीतून उठणं. दादूस न घेता पुढं द्यायला लागला तेव्हा पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मग बोलायला लागले. "डाकतराचा भाऊस आता सायेब झाला. आमची बिरी चालत नाय त्याला." एकदा मी बांधावर जाऊन सगळ्यांना सुनावलं, की माझ्या भावाला कुणी बिडी दिली तर माझ्या दवाखान्याची पायरी चढू नका. एक म्हातारा मिठाच्या राशीला टेकून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "मानसाचा पाय गेला. त्याला बिरी नाय द्यायची तर काय द्यायचा, सांग तू."

 मी पाठ फिरवून आलो.

पाऊस गेला, तुडवणी झाली, मीठ धरायला लागलं. हुताशनी, होळीची पौर्णिमा, जवळ आली होती. एका सकाळी त्याचं पाऊल मांडीवर घेताना माझ्या नाकाला तंबाखूचा वास आला. मी वर बघितलं. तो न लाजता म्हणाला, "दोन वढताव. दिसाला दोनच."

"किती दिवस?"

"दिवालीपासून."

"सर्जननी काय सांगितलं होतं?"

"सांगितला ना. एक वढली तरी जाईल म्हनला. मी दोन वढताव, चार म्हयने झाले. आन तू रोज म्हनतंस, हाय." तो समजुतीच्या सुरात बोलत होता, जसा पाणी चढतंय की उतरतंय हे मला लहानपणी समजावायचा तसा. "मंग त्यांचा चुकला असेल. मोठी मानसा चुकत नाय काय?"

मी बोटं घोट्यामागं दाबली. होती. ठक ठक, जराशी घाईची. मी म्हणालो, "हाय." पण त्याच आठवड्यात त्याला आणि वहिनीला मुंबईला घेऊन गेलो, म्हटलं सर्जनच्या तोंडून ऐकेल.

सर्जन पूर्वीसारखेच स्टुलावर बसले. घोट्यामागं बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, अगदी हलकी. मग मला म्हणाले, "इथं नाडी नाही."

"आज सकाळी होती. मी स्वतः पाहिली."

"पुन्हा बघा. मोठ्यानं मोजा."

मी बोटं ठेवली. लागली. "एक," मी मोजायला लागलो, "दोन, तीन, चार." मी मोजत असताना त्यांनी माझा डावा हात मनगटाशी धरला. दहा-बारापर्यंत गेल्यावर ते म्हणाले, "थांबा. हे तुमचेच ठोके आहेत, तुम्ही स्वतःला मोजताय."

जाड कातडीवर फार दाबून बोटं ठेवली आणि मनात धास्ती असली की स्वतःच्याच बोटाच्या टोकात रक्त उडतं आणि ते दुसऱ्याचं वाटतं. नवशिक्यांचं असं होतं, ते म्हणाले. म्हणून एक बोट आपल्या मनगटावर ठेवून बघावं. दोन्ही ठोके बरोबरीनं पडले तर ते तुमचे. त्यांनी दादूसची हातची नाडी धरून दाखवली. ती संथ होती. माझी पळत होती.

दादूस हे सगळं ऐकत होता.  त्यानं आपला पाय माझ्या बोटांखालून काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला.

सर्जननी एक शस्त्रक्रिया सुचवली. कमरेच्या मणक्याशेजारच्या काही बारीक शिरा रक्तवाहिन्यांना आवळून धरतात. त्या कापल्या तर बुजलेली वाट उघडत नाही, पण आजूबाजूच्या लहान वाटा सैल होतात आणि पावलाला ऊब मिळते. नवी गोष्ट आहे, त्यांनी स्वतः थोड्याच वेळा केली आहे. काहींचा पाय वाचला, काहींचा नाही. पोट बाजूनं उघडावं लागतं. एवढं सांगून ते गेले.

दुपारी वॉर्डात आम्ही तिघंच. दादूस म्हणाला, "काय करायचा?"

"मला विचारू नको. माझा अधिकार राहिला नाही."

"मंग कुनाला इचारू? हिला?" त्यानं वहिनीकडं मान केली. "हिला इचारायचा व्हता तवा आपन दोघा हसलो." 

वहिनी खाली बघत पदराचं टोक वळत होती.

"तू सांग," तो म्हणाला. "चुकलास तरी तूच सांग."

मी वहिनीकडं वळलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रोग्याबद्दल विचारलं. "वहिनी, उजवा पाय कसा लागतो? आता?"

"गार," ती म्हणाली. "तुलशीच्या लग्नापासून."

"मग बोलली नाहीस?"

"तुमी रोज सकाली म्हनायचे, हाय. मी कशी बोलू?"

मी दादूसला म्हणालो, "करून घे."

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी वहिनीनं चादरीखाली हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. मग माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मी हात लावला. पाऊल कोरडं होतं आणि ऊन होतं, उन्हात ठेवलेल्या मडक्यासारखं. घोट्यामागं मी हलक्या बोटांनी पाहिलं, दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या मनगटावर ठेवून. तिथं काही नव्हतं.

दादूसनं बिडी सोडली. कुणाच्या धाकानं नाही. परतीच्या आगबोटीत शेजारच्या माणसानं जुडगा पुढं केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मना नको, भाऊ. मी आता या पायाचा हाय." त्या माणसाला ते कळलं नाही, पण त्यानं हात मागं घेतला.

तो पाय राहिला. नंतरच्या वर्षांत खारेपाटातून, पेणच्या बाजूनं, पार रेवदंड्याकडून माणसं माझ्याकडं पाय दुखतो म्हणून आली. मी प्रत्येकाचं पाऊल धुऊन मांडीवर घेतलं आणि दोन्ही पायांची तुलना केली. काहींचे वाचले, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्यामुळं मला झोप लागते असं नाही. माझी झोप त्या एका हंगामातल्या सकाळींनी घेतली आहे. त्यांतल्या कुठल्या तरी एका सकाळी त्याच्या घोट्यामागची नाडी थांबली आणि तिच्या जागी मी माझीच मोजायला लागलो. ती सकाळ कुठली, मला सापडत नाही. मी त्या सगळ्या एकेक करून काढून बघतो. पाट, पाऊल, माझी बोटं, त्याचं विचारणं. सगळ्या सारख्याच दिसतात, आणि प्रत्येकीत मी म्हणतो, हाय.

परत आल्यावरही मी पाटावर बसायचं सोडलं नाही, आणि त्यानं विचारायचं सोडलं नाही.

"हाय का?"

"नाय."

"गरम हाय?"

"गरम हाय."

"मंग सोर," तो म्हणायचा, "भरती व्हतंय," आणि पाय माझ्या हातातून काढून घेऊन कुबड्या शोधायला लागायचा.